माइक राव यांचा नंबर

जननीचं ऑफिस गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत होतं, पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली मोठं यंत्र सुरू झालं की वर टेबलावरची कॉफी पेल्यात थरथरायची. ऑफिस एका वेबसाइटचं होतं आणि वेबसाइटचा मुख्य धंदा याद्या. दहा उत्तम बिर्याणी, वीस उत्तम फलंदाज, पंधरा उत्तम खलनायक. लोकांना यादी पटावी लागत नाही, तिच्यावर भांडता आलं म्हणजे झालं, असं संपादक नवीन म्हणायचा. तो स्वतः पूर्वी तीन वर्षं स्टँडअप करत होता. जमलं नाही म्हणून सोडलं, पण कुणी त्या विषयावर बोलू लागलं की अजून त्याचा आवाज चढायचा.

ऑगस्टमध्ये त्याने ठरवलं, आता स्टँडअपवाल्यांची यादी करायची. चेन्नईने आजवर ऐकलेले सर्वांत मोठे पंचवीस, क्रमांकासह. ऑफिसातले तिघे आणि बाहेरचे दोघे असे पाच परीक्षक. प्रत्येकाने आपली पंचवीस नावं क्रमाने द्यायची, मग गुणांची बेरीज. बेरीज तन्मयकडे. तन्मय नाशिकचा, तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आलेला. ऑफिसात सगळं बोलणं तमिळ नाहीतर इंग्रजीत चालायचं, पण जननीशी तो मराठीत बोलायचा. जननी तंजावरकडच्या मराठी घरातली. तिची मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा तन्मय खुर्चीतून उठलाच होता. "आमच्या पणजीच्या पोथीत असं लिहिलेलं असायचं," असं तो म्हणाला होता.

पहिल्या बैठकीत दोन तास गेले आणि पहिला क्रमांकसुद्धा ठरला नाही. मोठा म्हणजे कोण? ज्याची तिकिटं खपतात तो, की ज्याच्याकडून बाकीचे शिकले तो? पल्लावरमची सेल्वी नावाची एक शिक्षिका होती. तिने चारच वर्षं कार्यक्रम केले आणि मग माइक खाली ठेवला तो कायमचा. तिच्याइतकं नेमकं कुणी बोललंच नाही, असं तन्मयचं मत. चार वर्षांत कुणी थोर होत नाही, असं नवीनचं. दुसऱ्या एकावर विनोद चोरल्याचा बोभाटा झाला होता. त्याला वगळायचं की नुसतं खाली ढकलायचं, यावर बाहेरचे दोघे परीक्षक एकमेकांशी बोलेनासे झाले.

मग जननी म्हणाली, "आपल्या यादीतला सगळ्यात जुना माणूस दोन हजार आठचा आहे. त्याच्या आधी या गावात कुणी एकट्याने उभं राहून लोकांना हसवलंच नाही?"

"ती मिमिक्री," नवीन म्हणाला. "नटांचे आवाज काढायचे, रेल्वेचा आवाज काढायचा. ते स्टँडअप नव्हे."

"सगळे आवाज नव्हते काढत. काही जण नुसतं बोलायचे. स्वतःचं, घरचं, ऑफिसचं. चाळीस-पन्नास मिनिटं."

"नाव सांग."

जननीने सांगितलं, "माइक राव."

टेबलाभोवती कुणाच्याच चेहऱ्यावर काही उमटलं नाही. शेवटी तिलाच सांगावं लागलं की ते आपले वडील.

नवीन हसला नाही, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. तो एवढंच म्हणाला, "ऐकव. एखादी क्लिप तरी पाहिजे. यादीत प्रत्येक नावाखाली क्लिप लागते, सगळ्यांना तोच नियम. क्लिप नाही तर नाव नाही."

घरी जाताना गाडीत जननीला वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं. गिंडीहून मांबलम दोनच स्टेशनं, विचार पुरा व्हायच्या आत उतरायची वेळ येते.

वेस्ट मांबलममधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती आणि तिचे आईवडील राहत. वडील, म्हणजे तिचे अप्पा, वेंकटरमण राव त्र्याहत्तर वर्षांचे. विमा कंपनीत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. पण अठ्ठ्याहत्तर ते शहाण्णव अशी अठरा वर्षं, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, गाण्या-नाटकाच्या सभांच्या वर्धापनदिनी, मराठी मंडळींच्या मेळाव्यात ते एकटे उभे राहून बोलत. तमिळ लोकांपुढे तमिळमध्ये, आपल्या लोकांपुढे मराठीत. मंडपातले माइक घरघरतात म्हणून स्वतःचा माइक वेष्टीत, म्हणजे धोतरात, गुंडाळून नेत, त्यावरून नाव पडलं माइक राव. मग घरोघर टीव्ही आला, बोलावणी कमी झाली, आणि एका लग्नात ते बोलत असताना लोक उठून जेवायला गेले. त्यानंतर त्यांनी माइक बाहेर काढला नाही. त्या लग्नाविषयी घरात कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

जननीने यादीचं सांगितल्यावर ते उठले, कपाटाच्या वरच्या खणातून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातली एक कॅसेट तिच्या हातावर ठेवली. वर्ष लिहिलं होतं, एकोणीसशे त्र्याण्णव.

"हे घे. बाकीच्या टेपा गेल्या. पण ही एक पुरे. त्या दिवशी मी असा बोललो गे, आठशे माणूस होतं मंडपात, आणि पंख्यांचा आवाज ऐकू येईना."

आई, विजयलक्ष्मी, जमिनीवर बसून कोथिंबीर निवडत होती. तिने मान वर केली, कॅसेटकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. आई तशी कमी बोलायची. त्यामुळे त्यात काही वेगळं होतं, हे जननीच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा रोज एकच प्रश्न विचारू लागले. सकाळी कॉफी घेताना, संध्याकाळी चपला काढायच्या आत. "नंबर ठरला का?" पहिल्या दहात येणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, असं ते स्वतःच म्हणत. मग थोड्या वेळाने विचारत, "पण दहात कोण कोण आहे?"

रिची स्ट्रीटवरच्या एका दुकानदाराने कॅसेट संगणकावर उतरवून दिली. फाइल गुरुवारी दुपारी जननीच्या फोनवर आली. ऑफिसात ते मराठी कळणारा एकच माणूस होता, म्हणून ती तन्मयला घेऊन छोट्या खोलीत बसली. एक इयरफोन त्याच्या कानात, एक तिच्या.

आधी खरखर, मग कुणीतरी ओळख करून दिली, मग अप्पांचा आवाज आला. तरुण, सावकाश, घाई नसलेला. जननी चकित झाली. हा आवाज घरात कधीच नव्हता.

सुरुवात ऑफिसची. पुण्याहून एक साहेब बदलून आले. अप्पांना वाटलं, चला, आपल्या भाषेचा माणूस, आणि ते साहेबांशी मराठीत बोलले. "साहेबांनी मजकडे बघितलं. त्यांना वाटलं, घरच्या भिंतीवरची पणजोबांची तसबीर खाली उतरून रजेचा अर्ज घेऊन आली! उठले, आणिक माझ्या पाया पडले. रजा? रजा कसली, म्हणाले, आपण स्वर्गातून आलात, दोन दिवस राहा की!"

मंडप हसला, आणि तन्मयही टेबलावर हात आपटून हसला. "हा मीच," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी माझं हेच झालं होतं." जननीही हसत होती. हा माणूस खरोखर चांगला होता. कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं. हसू ओसरायच्या आत पुढचं वाक्य टाकत नव्हता, आणि ओसरल्यावर एक क्षणही वाया घालवत नव्हता.

मग अप्पा म्हणाले, "बाळ झालं. बाळंतपणाला सगळ्यांच्या बायका माहेरी जातात. माझी कीळपाकला गेली."

मंडप हसून कोसळला.

तन्मयने कान टवकारले. कीळपाक म्हणजे काय हे त्यालाही आता ठाऊक होतं. मनोरुग्णांचं मोठं इस्पितळ त्या भागात आहे, आणि चेन्नईत कुणाला वेडं म्हणायचं तर तेवढा एकच शब्द पुरतो.

"तेथे पाटी आहे. भेटण्याची वेळ चार ते सहा. मी म्हटलं, अरे, ही पाटी लग्नाआधी का नाही लावली माझ्या घरी? डॉक्टर विचारतात, हिला होतं काय? मी म्हटलं, आठ दिवस झाले, एक शब्द बोलत नाही. डॉक्टर खुर्ची पुढे घेऊन म्हणतात, औषध काय दिलंत हो?"

हसणं थांबेना. अप्पा थांबले, मग आवाज खाली आणून बोलू लागले.

"पहिल्या रविवारी गेलो. म्हटलं, विजी, मज ओळखलंस? बहुत वेळ बघितलं तिने. मग विचारते, कुकरची शिट्टी झाली का? दुसऱ्या रविवारी गेलो. विजी, कशी आहेस? कुकरची शिट्टी झाली का? तिसऱ्या रविवारी गेलो, तर दारावरचा वॉचमन उठून सलाम करतो आणिक म्हणतो, सार, तेवढं शिट्टीचं सांगून टाका हो, आमचा अख्खा वॉर्ड जागा आहे!"

तन्मय हसता हसता पुढे वाकला. डोळ्यांतलं पाणी पुसत त्याने जननीकडे बघितलं आणि त्याचा हात तसाच राहिला.

"विजी म्हणजे?" त्याने विचारलं.

"माझी आई."

"हे खरं आहे? की नुसतं रचलेलं?"

"मला माहीत नाही," जननी म्हणाली. ते खरंच होतं. पण खोटं बोलल्यासारखं वाटलं, कारण वॉचमनच्या वाक्याला तीही हसली होती. हसू आधी आलं होतं आणि समज मागून.

नवीनला फाइलबद्दल कळलंच. तन्मयने त्याला प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला, सांगताना त्याची जीभ अडखळत होती. पण नवीनचे डोळे चमकले. "त्र्याण्णव साली? त्र्याण्णव साली हा माणूस बाळंतपणानंतरच्या आजाराविषयी आठशे लोकांसमोर बोलतो? तेव्हा घरातसुद्धा कुणी याचं नाव काढत नव्हतं. याला धाडस म्हणतात. मी याला नववा देतो."

"बोलला तो, पण आजार त्याचा नव्हता," तन्मय म्हणाला.

"सगळे मोठे लोक घर स्टेजवर आणतात. बायको, आई, बाप. त्यांना वगळलंस तर तुझ्या यादीत उरेल कोण? तुझी सेल्वी नवऱ्यावर बोलत नव्हती?"

"ती नवऱ्याच्या घोरण्यावर बोलायची. हे वेगळं आहे."

"वेगळं कसं? हसू आलं की नाही तुला? खरं सांग."

तन्मयने नाइलाजाने मान हलवली.

"आलं ना? मग झालं. श्रेष्ठ कोण ते हसू ठरवतं, आपण नाही."

खाली यंत्र सुरू झालं. जननीने तिच्यासमोरचा पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला. सोमवारपर्यंत सांगते, एवढं ती म्हणाली.

रविवारी सकाळी अप्पा अयोध्या मंडपात प्रवचनाला गेले. जननी स्वयंपाकघरात आली. आई अंबटभाजीसाठी चिंच कोळत होती. कसं विचारावं याचा दोन दिवस विचार करूनही काही सुचलं नव्हतं, म्हणून तिने सरळच विचारलं.

"अम्मा, मी झाल्यावर तू इस्पितळात होतीस?"

आईचा हात थांबला नाही. "टेपेत ते आहे?"

"आहे."

"हूं." आईने चोथा पिळून बाजूला ठेवला, हात धुतला, पदराला पुसला आणि स्टुलावर बसली. "तू सव्वा महिन्याची होतीस. मज झोप येईना. मग सगळं लांब गेल्यासारखं झालं. दिसे सगळं, पण लांब. तुज हाती घ्यायला भय वाटे. पडशील, माझ्या हातून काही होईल, असं. मग बोलणं बंद झालं. सात आठवडे होते म्हणतात तेथे. तुज आत्याने सांभाळलं."

"मला कुणी सांगितलं नाही कधी."

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांस ठाऊक होतं. मंडपात सांगितलं ना त्यांनी."

जननीला एकदम दोन स्थळं आठवली. दोन्ही आपल्याच लोकांतली. दोन्हीकडून पसंती आली होती आणि दोन्हीकडून आठवड्याभरात, काही कारण न देता, नकार. पत्रिका जमत नाही, असं आई तेव्हा म्हणाली होती. आईकडे बघून तिला कळलं की तो विचार आईनेही केव्हाचाच करून ठेवला आहे.

"तू होतीस तिथे? त्या दिवशी?"

"होते. दुसऱ्या रांगेत. तू माझ्या मांडीवर. सगळे हसले म्हणून तूही टाळ्या वाजवल्यास."

"आणि तू?"

"मी हसले. न हसते तर सगळे माझ्याकडेच बघत राहिले असते."

बाहेर जिन्यावर कुणीतरी पाण्याचा कॅन आदळला. आई उठली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आहे का तुझ्या फोनात? लाव."

"अम्मा, नको."

"लाव गे. मज त्या दिवसांचं फार काही आठवत नाही. त्यांनीच सांगितलेलं तेवढं आहे. तेही बत्तीस वर्षं झाली, विसरले."

जननीने फोन ओट्यावर ठेवला. आईने डोळे मिटून ऐकलं. पुण्याच्या साहेबापाशी तिच्या ओठाचा कोपरा हलला. कीळपाक आलं, पाटी आली, डॉक्टर आले. ती तशीच बसून होती, भाजीवाल्याशी हिशेब करताना बसते तशी, लक्ष देऊन. कुकरचं संपल्यावर तिने डोळे उघडले.

"हे तसं नव्हतं."

"काय?"

"कुकर नव्हता. मी कुकरचं कधी विचारलं नाही. मूल रडतं का, असं विचारलं. दर रविवारी तेच विचारत असे. रात्री मज आवाज येई तुझ्या रडण्याचा, तेथे. म्हणून विचारत असे."

जननीने ओट्यावरचा फोन उचलून बंद केला.

"आता मूल म्हटलं असतं तर कोण हसलं असतं?" आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, जे होतं ते समजून घेतल्यासारखं होतं. "म्हणून कुकर घातला. त्यांस ते बरोबर कळत असे. काय ठेवायचं, काय काढायचं."

तिने चिंचेचं पाणी पातेल्यात ओतलं. गॅस लावला. पाठमोरीच राहून तिने विचारलं, "यादीत नाव आलं तर हे सगळ्यांस ऐकू येणार?"

"नावाखाली क्लिप लावतात. पाहिजे तर आम्ही दुसरा भाग लावू, साहेबाचा."

"आणि बाकीचं कोण मागणार नाही?"

जननीला नवीनचे डोळे आठवले. साहेबाचा भाग लावला तर दोन दिवसांत तो म्हणेल, पूर्ण लाव. आणि लावेलही. "मागतील," ती म्हणाली.

"किती लोक ऐकतील?"

"लाखभर तरी."

आईने गॅस बारीक केला. "मग नको गे," ती म्हणाली. आणि लगेच, "पण मी नको म्हटलं, हे त्यांस सांगू नकोस. बत्तीस वर्षांत मी याविषयी त्यांस एक शब्द बोलले नाही. आता बोलून काय?"

सोमवारी जननीने आपलं नामांकन मागे घेतलं. नवीन चिडला. भावनेच्या भरात तू बापाचं नुकसान करतेस, म्हणाला. फाइल त्याला हवी होती. ती तिने त्याच्याच समोर फोनमधून काढून टाकली, तन्मयने आपल्याकडची काढली. मूळ कॅसेट तिने घरी परत दिली. घरात ती वाजवायला यंत्र नव्हतं. नववा क्रमांक शेवटी चोरीच्या विनोदवाल्याला मिळाला. सेल्वी चौदावी आली.

यादी प्रसिद्ध झाली त्या सकाळी अप्पा जननीच्या आधी उठून बसले होते. मोठ्या अक्षरांचा टॅबलेट मांडीवर, चष्मा पुसलेला. पंचविसाव्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि वर वर गेले. प्रत्येक नावाशी थांबून ते काहीतरी पुटपुटत. वर पोचल्यावर पुन्हा खाली आले. मग टॅबलेट उलटा करून ठेवला.

"माझं नाव नाही."

"टेप खराब निघाली, अप्पा," जननी म्हणाली. "नुसती खरखर. आवाज आलाच नाही."

"काहीच नाही आलं?"

"नाही."

"पण तू सांगितलंस त्यांस? मी कसा बोलत असे ते? तू सांगू शकली असतीस."

"सांगितलं. क्लिपशिवाय घेत नाहीत."

ते तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत संशय असता तर तिला सोपं गेलं असतं. तिथे फक्त एवढंच होतं की आपली मुलगी आपल्यासाठी पुरेशी भांडली नाही. "सरी," ते म्हणाले, म्हणजे बरं, आणि आंघोळीला गेले.

त्यानंतर ते तिच्याशी कामापुरतं बोलू लागले. जेवताना ताट घेऊन टीव्हीसमोर बसू लागले. यादी मात्र त्यांना सोडवेना. चौथा कसा चौथा, सातव्याला सातवा कुणी केला, यावर ते फोनवर जुन्या सोबत्यांशी तास तास बोलत. सोबती तरी किती उरले होते? तिघे. त्यांतल्या एकाला नीट ऐकू येत नसे. मग एके दिवशी, मांबलम स्टेशनवर गाडीची वाट बघत यादीखालची वाचकांची मतं चाळताना, जननीला वडिलांचं पूर्ण नाव दिसलं. त्यांनी इंग्रजीत लिहिलं होतं: माइक राव यांचं नाव या यादीत का नाही?

खाली उत्तरं होती. कोण हा? याचं ऐकलं नाही कधी. काका, तुम्हीच माइक राव का? एकाने नुसते हसरे चेहरे टाकले होते, ओळीने सात. अप्पांनी प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं होतं, आदराने, शेवटी आभार मानून. मी अठरा वर्षं कार्यक्रम केले. त्या काळी चित्रण होत नसे. आपण आपल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहावं. धन्यवाद.

मतांवर देखरेख करणं जननीचंच काम होतं. हसरे चेहरे तिला काढून टाकता आले असते. तिने काढले, तर दुपारपर्यंत दुसरे आले.

असं तीन आठवडे चाललं. रोज सकाळी गाडीत ती बघायची आणि रोज अप्पांचं एखादं नवं मत असायचं, रात्री त्यांची खोली बंद झाल्यानंतर लिहिलेलं. पुढे पुढे हसणारेही थांबले. त्यांच्या मतांखाली काहीच येईना. ते जास्त वाईट होतं.

एका रविवारी दुपारी, अप्पा झोपले असताना, आईने विचारलं, "अजून लिहितात का ते?"

"हो."

"कोणी काही म्हणतं?"

"नाही. आता कुणी काही म्हणत नाही."

आई तिच्या शेजारी पलंगावर येऊन बसली. चष्मा नव्हता म्हणून तिने जननीलाच वाचून दाखवायला लावलं. जननीने शेवटची चार-पाच मतं हळू आवाजात वाचली. आतून अप्पांच्या घोरण्याचा आवाज येत होता.

"दुसऱ्या कोणाच्या नावाने लिहिता येतं का तेथे?" आईने विचारलं.

"येतं."

"मग लिही." आईने समोरच्या भिंतीकडे बघत शब्द जुळवले. "लिही की, मी माइक राव यांस ऐकलं आहे. बहुत वर्षांमागे, एका मंडपात. ते असे बोलत की आठशे माणसं एकदम हसत. त्यांच्यासारखा मी पुन्हा कोणी ऐकला नाही."

जननीची बोटं थांबली. "अम्मा, हे तुला लिहायचंय?"

"खोटं काय आहे त्यात?" आई म्हणाली. "लिही तू."

जननीने कुठलंतरी नाव घेतलं, कुठल्यातरी गावाचा उल्लेख केला आणि लिहिलं. आईने एकदा पुन्हा वाचायला सांगितलं, मान हलवली आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कितीतरी दिवसांनी अप्पा ताट घेऊन टेबलाशी आले. टॅबलेट त्यांच्या काखेत होता. त्यांनी ते मत मोठ्याने वाचून दाखवलं, एकदा इंग्रजीत, एकदा मराठी करून. तिरुचीचा माणूस आहे, म्हणाले. कोण असेल? नागोजीचा भाचा तिरुचीला होता, तो असेल का? की ते रेल्वेतले कोणी? त्यांनी सात-आठ नावं घेतली, त्यांतली बहुतेक माणसं आता नव्हती.

"विजी, तुज कोण वाटतं?"

"काय ठाऊक," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात इडली वाढली.

"जननी, तू तेथेच आहेस ना कामाला? शोधून काढता येईल? मज त्यांस एकदा भेटायचं आहे." मग त्यांना वाटलं असावं की आपण फार मागितलं, म्हणून ते म्हणाले, "भेट नाही झाली तरी चालेल. नुसता फोन. पाच मिनिटं."

"बघते, अप्पा," जननी म्हणाली.

ते तिच्याकडे बघून हसले, त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, आणि खाऊ लागले. जननीने समोरची इडली मोडली. आठ वाजून दहा मिनिटांची गाडी गाठायची होती. ती उठली, ताट धुऊन पालथं घातलं आणि जिना उतरून स्टेशनकडे चालू लागली.